कडी लावून विचारलेले प्रश्न: पुरुषांच्या लैंगिक आरोग्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधल्या सातपूरला माझा दवाखाना आहे. येणाऱ्यांत एमआयडीसीतले कामगार जास्त, त्यांच्या खालोखाल त्र्यंबक आणि दिंडोरीकडचे शेतकरी. एखादा माणूस एकटाच येतो आणि म्हणतो, "डॉक्टर, जरा अशक्तपणा वाटतोय, एखादी सलाईन लावा." नाडी, बीपी, डोळे, जीभ, सगळं ठाकठीक निघालं की मी उठून दाराला कडी लावतो आणि विचारतो, "घरी सगळं बरं आहे ना? रात्रीचं?" मग तो चपलेच्या अंगठ्याकडे बघत बोलायला लागतो. सलाईन राहते बाजूला.

हे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. विचारणारा विशीतला असो की साठीतला, त्याला वाटतं हे आपल्या एकट्याच्याच नशिबी आलंय. म्हणून ते इथे लिहून काढले, शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत.

ताठरता येते म्हणजे आत नेमकं होतं तरी काय?

लिंगात हाड नाही, आणि दंडासारखा व्यायामाने फुगणारा स्नायूही नाही. आत स्पंजासारख्या दोन लांबट नळ्या आहेत आणि त्यांच्याभोवती चिवट पांढरं आवरण. एरवी या स्पंजातले बारीक स्नायू आवळलेले असतात, त्यामुळे रक्त थोडंच येतं. मनात इच्छा आली किंवा स्पर्श झाला की कण्याच्या खालच्या टोकाकडच्या नसांमधून निरोप जातो. नसांच्या टोकांशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि तो त्या स्नायूंना सैल सोडतो. स्पंज रक्ताने भरतो, फुगतो, आणि आवरणाखालून रक्त परत नेणाऱ्या शिरा त्या फुगवट्याने दाबल्या जातात. आवक वाढली आणि जावक बंद झाली. ताठरता म्हणजे एवढंच.

रक्तवाहिन्यांमध्ये हा वायू निरोप्याचं काम करतो, या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. पण मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते आणि ती मी प्रत्येकाला सांगतो: ताठरतेसाठी स्नायू *सैल* व्हावे लागतात. जोर लावून, दात-ओठ खाऊन, "आज जमलंच पाहिजे" म्हणून ती येत नाही. ती निर्धास्तपणातून येते.

नको तेव्हा येते आणि हवी तेव्हा येत नाही. असं का?

शरीरात दोन यंत्रणा आहेत. एक विसाव्याची, जेवण पचवणारी, झोप आणणारी. दुसरी पळण्याची आणि झुंजण्याची. ताठरता पहिलीच्या ताब्यात आहे. घाबरलं की दुसरी कामाला लागते, ॲड्रिनॅलिन वाहतं आणि स्पंजातले स्नायू पुन्हा आवळले जातात. बिबट्या समोर आला तर ताठरतेचा काय उपयोग? शरीर त्या हिशेबाने बरोबरच वागतं. अडचण अशी की "आपल्याला जमेल ना?" ही भीती आणि बिबट्याची भीती यांत शरीर फरक करत नाही.

जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक जॅन्सन या संशोधकांनी हेच ॲक्सिलरेटर आणि ब्रेकच्या भाषेत मांडलं. उत्तेजनाची ही दोन्ही पेडलं प्रत्येकात असतात, कुणाचा ब्रेक हलका, कुणाचा जड. बहुतेक जण ॲक्सिलरेटर आणखी दाबायला बघतात, म्हणजे गोळ्या, व्हिडिओ, दारू. दाबलेला ब्रेक सोडवायला हवा, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

एक उदाहरण सांगतो, माणूस ओळखू येईल असं काही न ठेवता. वैशाखातलं लग्न. हळद, लग्न, मग जागरण-गोंधळ, दुसऱ्या दिवशी वणीच्या गडावर देवदर्शन, घरी येऊन सत्यनारायण. चार रात्री धड झोप नाही. पाचव्या रात्री सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात आतली खोली नवरा-नवरीला दिली. मधे पातळ भिंत, पलीकडे आई खोकतेय, आत्याच्या बांगड्या वाजतायत. त्या रात्री काही झालं नाही. दुसऱ्या रात्री तो आधीच धास्तावलेला होता, म्हणून झालं नाही. तिसऱ्या रात्री दारू पिऊन आत गेला. महिन्याभराने माझ्यासमोर बसून म्हणाला, "डॉक्टर, मी तिचं आयुष्य खराब केलं."

त्याला औषध दिलं नाही. दोघांना समोर बसवलं आणि पंधरा दिवस संभोगाचा प्रयत्नच करायचा नाही, असं सांगितलं. बोलायचं, जवळ झोपायचं, हात धरायचा, पुढे काही नाही. परीक्षाच रद्द झाली की नापास व्हायची भीती उरत नाही. दहाव्या दिवशी फोन आला, "तुमचा नियम मोडला." ही युक्ती माझी नाही, जगभरचे लैंगिक-समुपदेशक ती कित्येक दशकं वापरतात.

सकाळी उठताना ताठरता असते. लघवी साठल्यामुळे का?

मुख्य कारण ते नाही. झोपेत स्वप्नांचे टप्पे येतात तेव्हा निरोगी पुरुषाला रात्रीतून तीन ते पाच वेळा, साधारण अर्धा-अर्धा तास ताठरता येते. लहान मुलांनाही येते. पहाटे जाग येते तेव्हा शेवटचा टप्पा नुकताच सरत असतो, म्हणून ती जाणवते. याचा तपासणीत फार उपयोग होतो. सकाळची ताठरता पूर्वीसारखी आहे पण बायकोजवळ येत नाही, तर नळ्या आणि नसा बहुधा शाबूत असतात आणि ब्रेक मनातला असतो. सकाळचीही हळूहळू नाहीशी झाली असेल, तर रक्त, साखर आणि हार्मोन तपासायला हवेत.

लहानपणापासून हाताने करायची सवय होती. त्यामुळेच कमजोरी आली ना?

नाही. यात "पण" काही नाही.

आपल्याकडे एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो: चाळीस थेंब रक्ताचा एक थेंब मज्जा, चाळीस थेंब मज्जेचा एक थेंब वीर्य. हे पोरांना कधी मित्र सांगतात, कधी एखादे गुरुजी. शरीरात असा हिशेब कुठेही नाही. वीर्याचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग वीर्यकोशांतला द्रव असतो, पाव-एक हिस्सा प्रोस्टेट ग्रंथीचा, आणि खुद्द शुक्राणू दोन ते पाच टक्के. रक्त आटवून ते बनत नाही. लाळ बनते तसं रोज बनतं. वापरलं नाही तर शरीर ते जिरवतं किंवा झोपेत बाहेर टाकतं. घोटभर दुधातली प्रथिनंसुद्धा एका वेळच्या वीर्यापेक्षा जास्त भरतील.

संडासला कुंथताना पांढरा चिकट थेंब येतो, लघवीतून "धात जाते" आणि म्हणून कंबर दुखते, गाल बसले, अभ्यासात लक्ष लागत नाही, ही तक्रार आपल्याकडे इतकी आढळते की भारतीय मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली तिला "धात सिंड्रोम" असं नावच दिलं. तो थेंब निरुपद्रवी स्राव असतो. त्रास मात्र खरा असतो, कारण भीती खरी असते. या भीतीने पोखरलेली तरणीताठी मुलं मी पाहिली आहेत आणि त्यांना हसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

र. धों. कर्वे १९२७ पासून मराठीत या विषयावर मासिक चालवत होते. वाचकांच्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, दंड झाला. इतकी वर्षं लोटली तरी तोच प्रश्न माझ्या टेबलावर रोज येतो.

सवयीबद्दल एकच सांगणं आहे. काम, झोप, माणसं सोडून तासन्‌तास मोबाइलवर तेच चालत असेल, किंवा व्हिडिओशिवाय उत्तेजनाच येईनाशी झाली असेल, तर बोलायला या. हा सवयीचा प्रश्न झाला. त्यात शक्ती गेली असं काही नाही.

स्वप्नदोष थांबवायचं औषध आहे का?

दोषच नाही, त्याला औषध कशाला? वयात आल्याची खूण आहे. आयांनो, मुलाची चादर धुताना काही दिसलं तर न बोलता धुवा, आणि त्याच्या वडिलांना सांगा की एकदा त्याच्याशी नीट बोला.

आकार कमी वाटतो.

२०१५ साली पंधरा हजारांहून अधिक पुरुषांची, डॉक्टरांनी स्वतः घेतलेली मापं एकत्र केली गेली. ताठर अवस्थेतली सरासरी लांबी १३ सेंटिमीटरच्या जरा वर, म्हणजे पाच इंचांहून थोडी जास्त निघाली. ही काळजी मनात घेऊन आलेले बहुतेक जण याच्या आसपासचेच असतात. वरून खाली बघताना ते आखूड दिसतं, आणि पोट सुटलं की आणखी. तेलाने, पंपाने, गोळीने कायमची लांबी वाढत नाही.

माझं फार लवकर होतं.

किती लवकर, हे आधी ठरवू. पाच देशांतल्या जोडप्यांनी घड्याळ लावून मोजलं, त्याचे निष्कर्ष २००५ साली आले. मधला आकडा पाच मिनिटं चोवीस सेकंद. व्हिडिओतला अर्धा तास कापून जोडलेला असतो. पहिल्यापासून नेहमीच सुमारे मिनिटभरात होत असेल, रोखता येत नसेल आणि त्याचा जीवाला त्रास होत असेल, तर त्याला शीघ्रपतन म्हणतात. तीन-चार मिनिटं लागणाऱ्याला आजार नाही.

खरोखर त्रास असेल तर १९५६ पासून माहीत असलेली "थांबा-सुरू करा" पद्धत शिकता येते. कड येण्याआधी थांबायचं, आवेग ओसरू द्यायचा, पुन्हा सुरू करायचं. काही आठवडे नेमाने केली की शरीराला आधीची खूण ओळखता येते. डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्या आणि बधिर करणारी मलमंही आहेत. पूर्वी ठीक होतं आणि आता अचानक लवकर व्हायला लागलं असेल, तर ताठरता टिकत नाही म्हणून घाई होतेय का, थायरॉईड वाढलाय का, हे बघावं लागतं.

वय अठ्ठेचाळीस. दोन वर्षांपासून पूर्वीसारखी ताठरता येत नाही. वय झालं म्हणायचं का?

हा प्रश्न मी सगळ्यात गांभीर्याने घेतो. माझं चाललं असतं तर कारखान्याच्या गेटवर लिहून लावला असता.

लिंगाच्या रक्तवाहिन्या एक ते दोन मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या तीन ते चार. रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब व्हायला लागलं आणि आत चरबीचा थर साचायला लागला, की बारीक नळी आधी तक्रार करते. हृदयाचा पहिला त्रास दिसायच्या साधारण दोन ते पाच वर्षं आधी ताठरता कमी झालेली असू शकते. म्हणजे छातीत दुखण्याआधी शरीराने निरोप पाठवलेला असतो, आणि आपण लाजेपोटी तो उघडत नाही.

अंबडच्या एका कारखान्यातला फिटर असाच "ताकदीचं इंजेक्शन" मागायला आला होता. दिवसाला गुटख्याच्या पंधरा पुड्या, रात्रपाळी, पँटचा पट्टा पोटाखाली गेलेला. लघवीला किती वेळा उठता, विचारलं. "तीन-चारदा, पण पाणी पितो ना मी." बोटातून रक्त काढून साखर बघितली, तीनशेच्या पुढे. त्याला मधुमेह आहे हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. मधुमेह असलेल्या पुरुषांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांना ताठरतेचा त्रास होतो, कारण साखर नसाही खाते आणि नळ्याही. साखर आटोक्यात आली, गुटखा सुटला, रोज संध्याकाळी पाऊण तास चालणं सुरू झालं. सहा महिन्यांत बराच फरक पडला. पूर्ण पूर्वीसारखं झालं नाही, ते त्याला आधीच सांगितलं होतं.

वयाचा वाटा आहे, नाही असं नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये चाळीस ते सत्तर वयाच्या पुरुषांची पाहणी झाली, १९९४ साली तिचे आकडे आले. ५२ टक्के पुरुषांना कमी-अधिक प्रमाणात हा त्रास होता. म्हणजे तुम्ही एकटे नाही. पण "वय झालं" म्हणून सोडून देण्याआधी उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, कोलेस्टेरॉल, बीपी आणि ईसीजी एवढं करून घ्या. आणि बीपीच्या किंवा डिप्रेशनच्या गोळीमुळे हे झालंय असा संशय असेल तर गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरला सांगा, बदलून मिळते. बीपीची गोळी मनाने सोडून अर्धांगवायू झालेला माणूस मी पाहिलाय.

ती निळी गोळी घेतली तर चालते का?

बरोबर माणसाने, बरोबर तपासणीनंतर घेतली तर चांगलं औषध आहे. सिल्डेनाफिल मुळात छातीतल्या कळेवर उपाय म्हणून तपासलं जात होतं. छातीला फारसा उपयोग झाला नाही, भलताच परिणाम दिसला, आणि १९९८ साली अमेरिकेत ते ताठरतेसाठी मंजूर झालं. नायट्रिक ऑक्साइडने दिलेला सैल होण्याचा निरोप पुसणारं एक एन्झाइम शरीरात असतं, त्याला ही गोळी अडवते. निरोपच गेला नसेल तर ती काय टिकवणार? म्हणून इच्छा आणि स्पर्श नसताना गोळी घेऊन वाट बघत बसलं तर काही होत नाही. जड जेवणानंतर घेतली तर असर उशिरा येतो.

आता नीट वाचा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा नायट्रेट जातीचं कुठलंही औषध तुम्हाला चालू असेल, तर ही गोळी घ्यायची नाही. दोन्ही मिळून बीपी इतकं खाली येतं की जीव जाऊ शकतो. आणि गोळी घेतल्यावर छातीत दुखू लागलं तर दवाखान्यात पोचताच आधी सांगा, "मी ही गोळी घेतलीय." तिथे लाजलात तर डॉक्टर नेमकं सॉर्बिट्रेटच जिभेखाली ठेवतील.

ताठरता चार तासांच्या वर उतरलीच नाही तर थेट इमर्जन्सीत जा. सकाळपर्यंत थांबू नका, आतल्या स्पंजाचं कायमचं नुकसान होतं.

हायवेच्या कडेला तंबू असतात, भिंतींवर "गुप्तरोग" लिहिलेलं असतं. तिथलं औषध आयुर्वेदिक आहे ना, नुकसान तर नाही?

वनस्पतींची नावं सांगून विकलेल्या अशा पुड्यांमध्ये न सांगता सिल्डेनाफिल मिसळलेलं अनेक देशांच्या तपासण्यांत सापडलेलं आहे. गुण येतो तो त्यामुळे. किती मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि घेणाऱ्याच्या खिशात सॉर्बिट्रेटची पट्टी असू शकते. लैंगिक शक्ती वाढवण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. तरी भिंती रंगतात.

माझ्या जवळच्या नात्यातल्या एकाने कांद्याचे आलेले पैसे अशाच एका लॉजवर "तपासणीला" येणाऱ्याच्या हाती ठेवले. काचेच्या नळीत त्याची लघवी घेऊन, तीत काहीतरी टाकून, ती पांढरी करून दाखवली होती. "बघा, धात." मला त्याने वर्षभराने सांगितलं. घरात डॉक्टर असून तो माझ्याकडे आला नाही, हे मला आजही लागतं. तेव्हापासून मी कडी लावायला शिकलो. खऱ्या वैद्याला माझा विरोध नाही. नाव, पदवी, नोंदणी आणि चिठ्ठी देणाऱ्या वैद्याकडे खुशाल जा.

लग्नाला चार वर्षं झाली, मूल नाही. हिच्या सगळ्या तपासण्या झाल्या. माझी कशाला? माझं तर सगळं व्यवस्थित चालतं.

सगळं व्यवस्थित चालणं आणि वीर्यात शुक्राणू असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाच्या बाजूने काही ना काही कारण असतं. तरी बाई सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, दुर्बीण, उपास आणि नवस सगळं करून बसते, आणि नवऱ्याची काही शेकड्यांत होणारी तपासणी शेवटी होते. मी क्रम उलटा ठेवतो. आधी तुमची बाटली, म्हणजे तपासायला वीर्य.

ती कशी द्यायची, हे धड कुणी सांगत नाही, म्हणून लिहितो. दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं. लॅबने दिलेल्या स्वच्छ, रुंद तोंडाच्या डबीतच द्यायचं, हाताने. तेल, साबण, थुंकी नको. साधा निरोध वापरू नका, त्याच्या वंगणाने शुक्राणू मरू शकतात. पहिला थेंब सांडला तर तसं सांगा, कारण सर्वांत जास्त शुक्राणू पहिल्या भागात असतात. लॅबमध्येच दिलेलं उत्तम. तिथल्या बाथरूममध्ये, बाहेर लोक बसलेले असताना जमत नसेल तर घरून आणा, पण तासाच्या आत, शर्टाच्या आत अंगालगत ठेवून. एका शेतकऱ्याने ओझरहून डबी बर्फात घालून आणली होती, दूध नासू नये तशी. त्याची काही चूक नव्हती, त्याला सांगणाऱ्याने अर्धवट सांगितलं.

रिपोर्ट आला की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापांशी ताडून बघतात. प्रमाण निदान १.४ मिली, दर मिलीला १ कोटी ६० लाख शुक्राणू, त्यातले ४२ टक्के हलणारे, ४ टक्के नीट आकाराचे. हो, चारच टक्के. "९६ टक्के खराब" असं वाचून रडत आलेल्यांना हे सांगावं लागतं. या खालच्या सीमा आहेत. आकडा जरा कमी म्हणजे मूल होणार नाही असं नाही, जास्त म्हणजे होईलच असंही नाही. आणि एका रिपोर्टवर काहीही ठरवायचं नाही. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, म्हणून गेल्या महिन्यातला डेंग्यूचा ताप आजच्या रिपोर्टात दिसतो. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.

एकही शुक्राणू दिसला नाही तरी वाट संपत नाही. रस्ता अडलाय की कारखानाच बंद आहे, हे हार्मोनच्या तपासण्यांवरून आणि अंगतपासणीवरून कळतं. एकेक शुक्राणू बीजात सोडण्याचं तंत्र १९९२ पासून आहे, आणि त्यासाठी शुक्राणू वृषणातून थेट काढताही येतात. वृषणावरच्या शिरा फुगणं, म्हणजे व्हेरिकोसील, शंभरातल्या पंधराएक पुरुषांत असतं, बहुधा डावीकडे. हात लावला तर पिशवीत गांडुळं असल्यासारखं लागतं. प्रत्येकाला ऑपरेशन लागत नाही.

मी द्राक्षबागेत फवारणी करतो. भाऊ भट्टीवर आहे. याचा परिणाम होतो का?

होऊ शकतो. वृषणं शरीराबाहेर पिशवीत आहेत ती याचसाठी, त्यांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. भट्टीसमोर आठ तास, ट्रकच्या इंजिनाशेजारी मुंबई-आग्रा रोडवर दिवसभर, मांडीवर लॅपटॉप, घट्ट जीन्स, हे सगळं त्या थंडाव्याच्या आड येतं. मूल हवं असेल तर मधेमधे उठा, सैल सुती कपडे घाला, जमलं तर पाळी बदलून घ्या.

रसायनांचं म्हणाल तर जगाला हा धडा कॅलिफोर्नियात मिळाला. डीबीसीपी नावाचं, जमिनीतल्या सूत्रकृमींवर वापरायचं औषध. १९७७ साली ते बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांच्या बोलण्यात आलं की आपल्यापैकी कुणालाच अलीकडे मूल झालेलं नाही. तपासलं तर अनेकांचे शुक्राणू शून्यावर आलेले होते. तोवर कुणी त्यांना काही विचारलंच नव्हतं. ते औषध नंतर बंद झालं, पण बागेत फवारण्या आहेतच, छाटणीपासून काढणीपर्यंत. ब्लोअर चालवताना उघड्या अंगाने, तोंडाला नुसता गमछा बांधून बसू नका. हातमोजे, पूर्ण बाह्या, गळक्या पंपाची वेळेवर दुरुस्ती. घरी आल्यावर आधी अंघोळ, मग पोराला उचला. ते कपडे वेगळे धुवायचे. छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यांना पेस्टिंग करता, म्हणजे हायड्रोजन सायनामाइड लावता, तेव्हा तर त्या दिवसांत दारूला शिवूच नका. ते आणि दारू एकत्र आली की अंग लालबुंद होतं, बीपी कोसळतं.

जिममध्ये इंजेक्शन घ्यायला सांगतात.

घेऊ नका. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं माल भरपूर आहे, आणि तो वृषणांना काम बंदचा हुकूम देतो. दंड फुगतात, वृषणं आक्रसतात, शुक्राणू शून्यापर्यंत जाऊ शकतात. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण महिने जातात, कधी वर्षही, आणि काहींचं पूर्ण येत नाही. लग्न ठरल्यावर घाबरून आलेली अशी मुलं हल्ली दर दोन-तीन महिन्यांत एक तरी येते. ज्याला टेस्टोस्टेरॉन खरंच कमी आहे का बघायचंय त्याने सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त द्यावं. दुपारी ते एरवीही उतरतं.

सायकलवारीला जातो. सीटमुळे काही होतं का?

सायकल हृदयाला, म्हणजे पर्यायाने इथेही, चांगलीच. फक्त जागा बधिर होत असेल तर सीट रुंद घ्या, टोक किंचित खाली करा, दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर उभं राहा. बधिरपणा नेहमीचाच झाला तर दाखवा.

मुलाच्या वृषणात अचानक दुखायला लागलं. सकाळी दाखवलं तर चालेल?

नाही. आत्ता निघा.

वृषण आपल्याच दोरीवर पिळलं जातं आणि रक्त थांबतं. बहुधा बारा ते अठराच्या मुलांत, कधी खेळताना, कधी झोपेतून उठून. एका बाजूला जीवघेणी कळ, ओकारी, वृषण वर ओढल्यासारखं. साधारण सहा तासांत ऑपरेशन झालं तर बहुतेक वेळा वाचतं, नंतर दर तासाला आशा कमी होते. मुलं लाजून "पोटात दुखतंय" म्हणतात, आई ओवा देते, आणि रात्र निघून जाते. मुलाला दहा वर्षांचा झाल्यावर एक वाक्य सांगून ठेवा: "तिथे दुखलं तर रात्री दोनलाही उठव." दुखत नसलेली कडक गाठ लागली तरी आठवड्यात दाखवा. वृषणाचा कॅन्सर तरुणांतच जास्त होतो आणि वेळेवर सापडला तर बहुतेक पूर्ण बरा होतो.

नसबंदीने ताकद जाते म्हणतात.

शुक्राणू नेणारी बारीक नळी बांधतात, एवढंच. हार्मोन रक्तातून जातात, त्यांना नळी लागत नाही. ताठरता, इच्छा, वीर्याचं प्रमाण, सगळं तसंच राहतं. टाका न घालता करायची पद्धत आहे, पंधरा-वीस मिनिटांत होते, माणूस चालत घरी जातो. तीन महिने मात्र दुसरं साधन वापरायचं आणि वीर्य तपासून शुक्राणू नाहीत याची खात्री करायची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री-नसबंदीचं प्रमाण ३७.९ टक्के होतं, पुरुष-नसबंदीचं ०.३. दोन सिझेरियन झालेल्या बायकोचं पोट तिसऱ्यांदा उघडायला निघालेल्या नवऱ्यांना मी हा आकडा दाखवतो आणि थोडा वेळ काही बोलत नाही.

बायकोला कसं सांगू?

बिछान्यात नको, आणि जमलं नाही त्याच क्षणी तर नकोच. दिवसा, चालताना, गाडीवर सोमेश्वरला जाताना सांगा, जिथे डोळ्यांत बघावं लागत नाही. न सांगितलं की ती आपल्या मनाने अर्थ लावते: मी आवडत नाही, बाहेर कुणी आहे. माझ्यासमोर कितीतरी बायकांनी सुटकेचा श्वास टाकलाय. "एवढंच होतं? मला वाटलं..." म्हणून.

जायचं कुणाकडे, आणि काय म्हणायचं?

आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे. ताठरता, वृषण, शुक्राणू, प्रोस्टेट यांसाठी युरॉलॉजिस्ट. भीती, उदासी, धातची चिंता यांसाठी मानसोपचारतज्ज्ञ, त्यात कमीपणा नाही. घरी बसून बोलायचं असेल तर १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर फुकट आणि मराठीत बोलता येतं. खर्च परवडत नसेल तर त्र्यंबक रोडवरचं सिव्हिल आहे. सरकारी रुग्णालयांत वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक, आणि जखम, फोड, पू, जळजळ अशा लैंगिक संसर्गांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तिथलं बोलणं गुप्त ठेवतात.

जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या आणि जुने रिपोर्ट पिशवीत घ्या. केसपेपरच्या खिडकीवर, मागे रांग उभी असताना कारण विचारलं तर "लघवीची तक्रार" एवढं सांगा, पुरे. आत गेल्यावर डॉक्टरला म्हणा, "दार लावता का? खासगी बोलायचंय."